मैनेशिवाय विचारलेला प्रश्न

पहिल्या तपासणीला आम्ही तिघं होतो आणि मैनाही तीन होत्या. एक माझ्या कानात, एक माझ्या मुलाच्या, ऋतुराजच्या कानात आणि एक डॉक्टरीणबाईंच्या. मी मराठीत उचकी दिली असती तरी पलीकडे स्पॅनिशमध्ये ऐकू गेली असती, अशी ती वस्तू.

"तंबाखू?" डॉक्टर इनिएस्तांनी विचारलं. विचारलं त्यांनी स्पॅनिशमध्येच, माझ्या कानात मात्र त्यांच्याच आवाजात स्वच्छ मराठी आलं. "ओढता, खाता, कुठल्याही स्वरूपात?"

मी तोंड उघडायच्या आत ऋतुराज बोलला. "तंबाखू? आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही डॉक्टर. वडील गेले त्याने. जबड्याचा कॅन्सर. तेव्हापासून आईने घरात कुणाला सुपारीसुद्धा खाऊ दिलेली नाही." आणि माझ्याकडे बघून तो अभिमानाने असा हसला, की माझी मान आपोआप हलली.

"नाही," मी म्हणाले.

मैनेने ते 'नाही' इमानदारीने पोचवलं. माझ्या पर्समध्ये हातरुमालात गुंडाळलेली मिश्रीची डबी होती.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई सरळसरळ खोटं बोलली. पण आमच्या तासगावकडे माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, तंबाखू खाता का? ती खऱ्याखुऱ्या रागाने नाही म्हणेल आणि त्याच हाताने पदराआड डबी बंद करेल. पुरुष खातात तो तंबाखू. बायका लावतात ती मिश्री, आणि ती दातांसाठी असते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची, की सकाळ झाली. ऋतुराजच्या बाळंतपणात सासूबाईंनी पहिल्यांदा चिमूटभर हातावर ठेवली, "दात हलणार नाहीत बघ," म्हणाल्या. त्याला एकतीस वर्षं झाली. दात खरंच हलले नाहीत. बाकीचं बरंच हललं.

मैना हे नाव आम्ही ठेवलं. खरं नाव लांबलचक आणि कुणालाच न येणारं आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू. पूर्वीची यंत्रं शब्द ऐकून शब्द द्यायची, आणि त्यातून काय गमती व्हायच्या ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. ही मैना शब्दांवर थांबत नाही. बोलणाऱ्याच्या घशाची थरथर, श्वास, मधलं अडखळणं, समोर काय चाललंय, हे सगळं टिपून ती आधी अर्थ जुळवते, आणि मग तो अर्थ बोलणाऱ्याच्याच आवाजात दुसऱ्या भाषेत म्हणते. अर्ध्या सेकंदात. तिच्यामुळे मी स्पेनमध्ये विमानातून उतरल्या दिवशी वांग्यांचा भाव पाडून घेतला. हे उपकार मी विसरणार नाही. चोपन्नाव्या वर्षी, दहावी नापास बाईने, मुर्सिया प्रांतातल्या वाल्देउवास नावाच्या गावात मुलाकडे राहायला यायचं धाडस दुसऱ्या कशाच्या जोरावर केलं असतं? ऋतुराज इथल्या द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीचा जाणकार म्हणून सहा वर्षं काम करतोय. सहा वर्षांत त्याला स्पॅनिशचा एक शब्द शिकावा लागला नाही.

फक्त दवाखान्यात मैनेचा नियम वेगळा. कुणा परदेशी पेशंटच्या बाबतीत औषधाचा गोंधळ झाल्यावर कायदा आला, की दवाखान्यातलं प्रत्येक वाक्य नोंदवून ठेवायचं, आणि पेशंटला इथली भाषा येत नसेल तर ती नोंद त्याच्या 'जवळच्या माणसाला' मोबाईलवर पाठवायची. माझा जवळचा माणूस ऋतुराज. हेतू चांगलाच. पण मैना खोटं बोलत नाही, काही विसरत नाही आणि गप्प बसत नाही. हे तिन्ही गुण एका ठिकाणी आमच्या अख्ख्या भावकीत कधी सापडले नव्हते.

मला दमा आहे. बागेत तीस वर्षं गंधकाची धुरळणी केली, त्याचं बक्षीस. डॉक्टर इनिएस्तांनी नवी गोळी दिली. दर महिन्याला औषधाच्या दुकानात बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, त्यात औषध किती उरलंय ते मोजायचे, आणि तिथलं यंत्र तुमच्या मापाची गोळी पाडून द्यायचं, शिंप्याने अंगावर ब्लाउज बेतावा तशी. गोळीने मला खरोखर श्वास दिला. जिना चढून वर गेल्यावर मी वाक्य पूर्ण बोलू लागले, तेव्हा आमची सून केतकी म्हणाली, "आई, आता तुमच्या टोमण्यांना पूर्णविराम मिळायला लागला."

पण माझ्या रक्तात औषध टिकेना. पहिल्या महिन्यात गोळी वाढवली. दुसऱ्या महिन्यात परत वाढवली. डॉक्टर कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "तुमच्या वजनाच्या बाईला इतकी लागायला नको."

घरी येऊन मी गोळ्यांच्या खोक्यातला कागद काढला. मला छापलेलं काहीही वाचायची सवय आहे, पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचत आले. मोबाईल धरून तो कागद मराठीत वाचून घेतला. त्यात एक ओळ होती: 'तुम्ही धूम्रपान करत असाल, किंवा नुकतंच सोडलं असेल, तर डॉक्टरांना सांगा.'

करत असाल तर सांगा, हे समजलं. पण सोडलं असेल तर का? सोडणं म्हणजे चांगलंच की. मी दोन दिवस त्या ओळीवर अडकले, कारण माझी डबी तळाला आली होती. गावाहून निघताना बहिणीने मोठ्या डब्यात भरून दिलेली मिश्री आता महिनाभराचीच उरली होती, आणि वाल्देउवासमध्ये ती कोण भाजून देणार? म्हणजे मी सोडणार होते, माझी इच्छा असो वा नसो. आणि सोडल्यावर काय होतं ते विचारायचं होतं. मैनेतून विचारलं असतं, तर उत्तर माझ्या कानात येण्याआधी प्रश्न ऋतुराजच्या खिशात वाजला असता.

म्हणून मी स्पॅनिश शिकायला लागले.

समोरच्या दारात एन्कार्ना राहते. सत्तरी उलटलेली, विधवा, रोज सात गोळ्या घेते आणि प्रत्येकीचा इतिहास सांगते. दुपारी तीन ते पाच इथे सगळं गाव बंद असतं. त्या वेळी ती जिन्यातल्या बाकड्यावर शेंगा सोलत बसायची. एक दिवस मी तिच्यासमोर कानातली मैना काढून ओंजळीत धरली आणि गोळ्यांचं खोकं पुढे केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःची मैना काढून शेंगांच्या टरफलांत टाकली, आणि खोक्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाली, "पास्तिया." गोळी. औषधांवर बोलायला दोन बायकांना भाषा फार लागत नाही, पण मला एवढ्यावर भागणार नव्हतं.

मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे. गोळी, छाती, हृदय, सकाळी, जेवणानंतर, थांबवणे, धोका. एन्कार्ना चुकलं की शेंग फेकून मारायची. तिसऱ्या आठवड्यात तिने खुणेने विचारलं, हे सगळं कशासाठी? मी डबी काढून उघडली. तिने हुंगली, सलग चार शिंका दिल्या, डोळे पुसले, आणि मला हाताला धरून तिच्या स्वयंपाकघरात नेलं. पिठाच्या बरणीत हात घालून तिने सिगारेटचं पाकीट बाहेर काढलं. पांढरंशुभ्र.

"माझी मुलगी," ती म्हणाली आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

परक्या देशात इतकं माहेरच्यासारखं मला तोवर कुठेच वाटलं नव्हतं. आम्ही हसून हसून खाली बसलो. माझा दमा आणि तिचा खोकला, दोघी बराच वेळ तिथेच होतो.

डबी संपली त्या दिवशी मी ती धुऊन ठेवली. पहिले चार दिवस डोकं दुखलं, कशावरही राग यायचा. केतकीने भाजीत मीठ कमी घातलं म्हणून मी तिच्या माहेरापर्यंत पोचले. सहाव्या दिवशी तो राग उतरला, पण छातीत धडधड सुरू झाली. आठव्या दिवशी सुईत दोरा ओवता येईना, बोटं इतकी कापायची. दहाव्या दिवशी उलटी. दमा अजिबात नव्हता. श्वास उलट नको इतका मोकळा. मला कागदावरची ती ओळ आठवायची आणि धडधड वाढायची.

"तोंड का उतरलंय आई?" ऋतुराजने विचारलं. "नेतो तुला उद्या."

"तुझी विरळणी चाललीय. मी जाईन परवा, एकटी. मैना आहे की."

बाराव्या दिवशी मी गेले.

डॉक्टर इनिएस्तांच्या टेबलासमोर बसले आणि कानातली मैना काढून, बटण दाबून बंद करून, त्यांच्यासमोर ठेवली. त्या दचकल्या. हातानेच 'घाला, घाला' म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी पडद्यावर काहीतरी वाचलं, थोडा विचार केला आणि स्वतःचीही काढली. खोली एकदम शांत झाली. चार महिने माझ्या कानात कुणी ना कुणी बोलतच होतं.

मी वही उघडली नाही. पाठ केलं होतं. मी जे स्पॅनिश बोलले ते मराठीत लिहायचं तर असं काहीसं होईल:

"डॉक्टर. मी काळी पावडर. दात. रोज. तंबाखू आहे, जाळलेला. एकतीस वर्षं. मी तुम्हाला नाही म्हटलं. खोटं. आता पावडर नाही, बारा दिवस. आता हृदय पळतं. हात असे. कागद म्हणतो, सोडलं तर सांगा. का? गोळी घेऊ? गोळी थांबवू?" आणि मग, श्वास घेऊन, "मुलगा माहीत नाही."

डॉक्टर इनिएस्ता माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, एक अक्षर पोचलेलं नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि फोन उचलून कुणाला तरी बोलावलं. पुढची वीस मिनिटं माझ्या छातीला तारा होत्या, दंडात सुई होती, आणि त्या शेजारी उभ्या राहून सावकाश, एकेक शब्द, लहान मुलीशी बोलावं तसं बोलत होत्या. कळलं नाही की मी हात वर करायचे. त्या परत सांगायच्या.

कागदावर त्यांनी यकृत काढलं आणि त्यात काड्यांची माणसं. यकृतात कामगार असतात, त्या म्हणाल्या. औषध आलं की ते तोडतात आणि शरीराबाहेर टाकतात. जळलेल्या पानातली काजळी यकृताला सांगते, कामगार वाढवा. तुमच्याकडे दहाच्या जागी चाळीस कामगार होते. औषध दिसेनासं व्हायचं, म्हणून मी वाढवत गेले. आता काजळी बंद झाली, तीस जण घरी गेले. त्यांनी तीस माणसांवर काट मारली. गोळी मात्र चाळीस जणांना पुरेल अशीच राहिली. ती सगळी तुमच्या रक्तात साठतेय.

"अजून एक आठवडा?" मी विचारलं.

त्यांनी बोटं आवळून मूठ केली आणि एकदम उघडली. झटका, हृदय, काहीही. ते शब्द माझ्या वहीत नव्हते, पण मला समजले.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या मग म्हणाल्या, स्वतःवरच चिडल्यासारख्या. "पण मुलासमोर विचारलं. चूक माझी."

कुणा डॉक्टरने माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला 'असं म्हणू नका' म्हणायचं होतं. ते येत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात थोपटला.

नंतर त्यांनी टॉर्च घेऊन माझं तोंड तपासलं. गालाच्या आत, डाव्या बाजूला, त्या बराच वेळ थांबल्या. 

"पांढरा डाग आहे," त्या म्हणाल्या. "छोटा. नोंदीत तंबाखू लिहावा लागेल मला. बोललेलं यंत्र आपोआप पाठवतं, मी लिहिलेलं तसं जात नाही. कुणी वाचायचं ते तुम्ही ठरवा. पण मुलाला तुम्ही सांगावं, असं मला वाटतं."

बाहेर आले तर ऋतुराज बाकावर बसलेला. बुटांना बागेतली माती तशीच. मोबाईल त्याने माझ्यापुढे धरला: 'रुग्णाने दुभाष्या नाकारला.' तेवढं मैनेने जाता जाता कळवलंच होतं.

"मैना का काढलीस आई?"

"कान दुखत होता," मी म्हणाले. मग म्हणाले, "थांब. कान नव्हता दुखत."

आणि सांगितलं. मराठीत सांगायला स्पॅनिशपेक्षा जास्त वेळ लागला.

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. "बाबांना नळीने भरवत होतीस, तेव्हा पण?"

"मोरीत जाऊन. दार लावून."

"मी शाळाशाळांत बोललोय आई. तुझं नाव घेऊन. माझ्या आईने घरातून तंबाखू हद्दपार केला म्हणून."

"माहीत आहे. पहिल्या रांगेत बसले होते मी. टाळ्याही वाजवल्या."

तो उठला. पाण्याच्या यंत्रापाशी गेला, पेला भरला, तिथेच ठेवून परत आला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता?"

"बारा दिवस झाले सोडून. डबी संपली म्हणून सोडली, उगीच मोठेपणा नको. पण आता संपली म्हणजे संपली."

"आणि तोंडात?"

"एक पांढरा डाग आहे."

त्याचा चेहरा त्याच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षातला झाला. माझं मनगट धरून तो म्हणाला, "चल आत." दारापाशी थांबून त्याने स्वतःच्या कानातली मैना काढली, बंद केली आणि खिशात टाकली. "जवळच्या माणसांच्या यादीत केतकी दुसरी आहे. तिला हे मोबाईलवर वाचायला मिळायला नको. घरी सांगू."

आत जाऊन तो मराठीत बोलायला लागला, भडाभडा, आणि डॉक्टर माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हा आम्हा तिघांच्याही लक्षात आलं, की या खोलीत दोन्हीकडचं कळणारी मी एकटी आहे.

"विचार तिला, डाग कसला आहे."

मी विचारलं. अजून माहीत नाही, उत्तर आलं.

"विचार, बाबांसारखं..." पुढचं त्याच्याने बोलवेना.

मला बोलावं लागलं. मी म्हणाले, "माझा मुलगा विचारतो, मी मरणार का. त्याच्या वडिलांसारखी."

डॉक्टर त्याच्याकडे बघून, पण माझ्या गतीने बोलल्या. वचन देऊ शकत नाही. तंबाखू सुटला की असे डाग पुष्कळदा आपोआप जातात. सहा आठवड्यांनी बघू. राहिला तर छोटा तुकडा काढून तपासू. काहीही निघालं तरी आपण लवकर पोचलोय. तुमच्या आई आज आल्या म्हणून लवकर.

मी सगळं सांगितलं त्याला. 'वचन देऊ शकत नाही' हे सुद्धा सांगितलं, पहिल्यांदा तेच सांगितलं.

ऋतुराजचे डोळे भरले. "विचार तिला," तो म्हणाला, "आईच्या मांडीवर डोकं ठेवून वाढलेल्या पोराला एकतीस वर्षांत साधा वास ओळखू येऊ नये? का तिला माझ्याशी बोलायची भीती वाटावी, की त्यापेक्षा या वयात नवी भाषा शिकणं सोपं वाटलं? विचार, मी काय एवढा..."

"काय म्हणतात ते?" डॉक्टरांनी विचारलं.

मैना असती तर अर्ध्या सेकंदात सगळं पोचलं असतं, हुंदक्यासकट.

"तो तुमचे आभार मानतोय," मी म्हणाले.

"एवढे लांबलचक?"

"आमच्याकडे सवय नाही. आडून आडून येतात."

डॉक्टर हसल्या. आणि मग आभार मानायची माझीही वेळ होती, ते मी तीन वेळा मानले, कारण तेवढा एक शब्द मला बिनचूक येत होता.

"काय म्हणालीस तिला?" ऋतुराजने विचारलं.

"आभार मानले. तुझे आणि माझे."

"मी ते नव्हतं विचारलं."

"ते तिला विचारायचं नाही राजा. ते मला विचार. आज चहाला. मी पण तुला विचारणार आहे काही."

त्याने नाक पुसलं, मान हलवली आणि डॉक्टरांनी दिलेला कागद माझ्या हातून घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. बाहेर गाडीपर्यंत येताना त्याने माझं कोपर सोडलं नाही.

"गोळी आता कशी घ्यायचीय?"

"आज नाही, उद्याही नाही. परवा सकाळी रक्त तपासून अर्धी. जेवण झाल्यावर. दूध चालेल, कॉफी नको."

"नक्की ना? आत जाऊन परत एकदा विचारून घेऊ या का?"

"नको," मी म्हणाले. "मी स्वतः विचारलंय."